पोस्ट ऑफिस कधीचं, आणि इमारत कधीची?

मुरबाड, शहापूर, बदलापूर, बेलापूर अशा कुठल्याही गावात पोस्टाच्या इमारतीबद्दल विचारलं की ठरलेलं उत्तर येतं: "इंग्रजांच्या काळातली आहे." कधी ते खरं असतं. पण बरेचदा इंग्रजांच्या काळातलं असतं ते ऑफिस, आणि इमारत नंतर केव्हातरी भाड्याने घेतलेली असते. गावाच्या स्मरणिकेत इमारतीच्या फोटोखाली ऑफिस उघडल्याचं साल छापलं जातं. पुढची स्मरणिका तेच उचलते, आणि तीस वर्षांत ते साल पक्कं होऊन बसतं. ठाणे जिल्ह्यातल्या जुन्या पोस्टांविषयी जे लिहिलं जातं त्यात हा घोटाळा सगळ्यात जास्त आढळतो. म्हणून कामाला बसतानाच वहीची दोन पानं करावीत: एकावर ऑफिसचा इतिहास, दुसऱ्यावर इमारतीचा. एखादी नोंद कुठल्या पानावर जाते हे ठरल्याशिवाय ती लिहू नये.

ऑफिस जागा बदलत राहतं याचं कारण पोस्टाच्या रचनेतच आहे. शाखा डाकघर, म्हणजे गावातली ब्रँच, बहुतेक वेळा शाखा डाकपालाने दिलेल्या जागेत चालते. पूर्वी हे काम अनेक गावांत शाळामास्तरांकडे जोडकाम म्हणून असायचं, त्यामुळे ब्रँच शाळेच्या एका खोलीत नाहीतर मास्तरांच्या ओटीवर. डाकपाल बदलला की ऑफिस दुसऱ्या आळीत. उपडाकघर, म्हणजे सब पोस्ट, याची गोष्ट वेगळी. तिथे पगारी नोकरवर्ग, काउंटर, तिजोरी आणि पुष्कळदा पोस्टमास्तरांचं राहतं घरही असतं. पण सब पोस्टंसुद्धा बहुतांश भाड्याच्याच जागेत आहेत. भाडं खात्याची समिती ठरवते. ते बाजारभावाच्या फार मागे पडलं की घरमालक जागा परत मागतो, वाद होतो, आणि ऑफिस हलतं. खात्याच्या स्वतःच्या मालकीची इमारत असलेलं छोटं गाव भाग्यवान म्हणायचं, कारण तिथे कागद सलग मिळण्याची शक्यता बरीच जास्त.

रोकड आली आणि इमारत बदलली

इमारत वाचायची तर पोस्टात कुठलं काम कधी आलं हे माहीत हवं. १८५४ साली पोस्टाचा कायदा झाला, १ ऑक्टोबर १८५४ पासून देशभर एकच दर आणि एकच तिकिटं लागू झाली. आपल्याकडे त्याच्या आदल्या वर्षी, १६ एप्रिल १८५३ ला, बोरीबंदर ते ठाणे आगगाडी सुरू झाली होती आणि १ मे १८५४ ला ती कल्याणला पोहोचली. तेव्हाच्या छोट्या पोस्टाला लागायचं काय? एक टेबल, पत्रं लावायची लाकडी खणांची मांडणी, शिक्का, लाख आणि पिशव्या टांगायच्या खुंट्या. एवढं कुठल्याही घराच्या ओटीवर मावायचं.

मग १८७७ साली व्ही. पी. आली, म्हणजे पोस्टमनकडे पैसे भरून सोडवायचं पार्सल. १ जुलै १८७९ ला पाव आण्याचं कार्ड आलं. १ जानेवारी १८८० पासून मनीऑर्डर पोस्टाकडे आली आणि १८८२ साली बचत बँक. पत्रांच्या जोडीला पैसा आला. पैसा आला म्हणजे तिजोरी आली, गजांच्या खिडक्या आल्या, लोक आणि कारकून यांच्यामध्ये काउंटर आला, आणि रात्री रोकडीजवळ माणूस झोपायला हवा म्हणून पोस्टमास्तरांचं घर ऑफिसला चिकटून आलं. मागे स्वयंपाकघर आणि न्हाणी असलेली, पुढे कचेरी असलेली जी जुनी पोस्टं दिसतात, त्यांचा हा आराखडा रोकडीने ठरवला आहे. माझ्या मते छोट्या गावातल्या पोस्टाच्या इमारतीबद्दल समजून घ्यायची सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच. खांब किती, कमान कशी, हे त्यानंतर.

पुढे १९१४ साली पोस्ट आणि तार ही दोन्ही खाती एकत्र झाली. १९८५ साली ती पुन्हा वेगळी झाली आणि १ ऑक्टोबर २००० ला दूरसंचार सेवेची बीएसएनएल झाली. तारसेवा जुलै २०१३ मध्ये थांबली. त्यामुळे जुन्या पोस्टाच्या आवारात टेलिफोन एक्स्चेंजची खोली किंवा मनोरा असेल, तर १९८५ नंतर त्या जमिनीची वाटणी कशी झाली हे शोधावं लागतं. एकाच भूखंडावर दोन खात्यांची नावं दिसली तर चूक समजू नका, तो याच वाटणीचा माग असतो. भिंतीबाहेर वरच्या अंगाला लोखंडी कंस आणि पांढऱ्या चिनी मातीच्या चिमण्या (तार अडकवायचे इन्सुलेटर) शिल्लक असतील, तर तिथून तारेची लाइन आत जात होती.

कागद कुठून सुरू करायचे

पोस्टात जाऊन "इमारतीचा इतिहास द्या" म्हटलं तर हाती काही लागत नाही, आणि त्यात पोस्टमास्तरांचा दोष नाही. बदलीवर आलेल्या माणसाकडे मागच्या काही वर्षांच्या पलीकडचे कागद नसतातच. सुरुवात जमिनीपासून करावी.

इमारत गावठाणात असेल आणि तिथे नगर भूमापन झालं असेल, तर भूमी अभिलेख उपअधीक्षकांच्या कार्यालयातून मालमत्ता पत्रक मिळतं. त्यासाठी नगर भूमापन क्रमांक लागतो. तो शेजारच्या घरमालकाच्या पत्रकावरून किंवा चौकशी नोंदवहीतून काढता येतो. गावठाणाबाहेर असेल तर सातबारा आणि त्यावर दाखवलेले फेरफार. फक्त आजचा उतारा घेऊन थांबू नका. उताऱ्यावर जेवढे फेरफार क्रमांक दिसतात त्या प्रत्येकाची नक्कल मागा. जागा कुणाकडून कुणाकडे कशी गेली हे फेरफारात लिहिलेलं असतं, उताऱ्यावर नुसता आकडा असतो.

इथे ठाणे जिल्ह्यात एक हमखास अडचण येते. ऑफिसचं नाव आणि महसुली गावाचं नाव एक असेलच असं नाही. बदलापूर स्टेशन कुळगावच्या हद्दीत आहे. शहापूरसाठी आगगाडीचं स्टेशन आसनगाव. नव्या मुंबईत तर सेक्टरच्या नंबरावरून महसुली गाव ओळखूच येत नाही. चुकीच्या गावाचं दप्तर मागितलं की "अशी नोंद नाही" असं उत्तर येतं आणि लोक काम सोडून देतात. आधी जागेचं महसुली गाव नक्की करा, मग अर्ज लिहा.

जिल्ह्याच्या हद्दीही बदललेल्या आहेत. पनवेल आणि उरण एकोणिसाव्या शतकात ठाणे जिल्ह्यात होते, १८८३ साली कुलाब्याकडे गेले. कुलाब्याचा रायगड १९८१ साली झाला. पालघर १ ऑगस्ट २०१४ ला वेगळा झाला. बेलापूर, तुर्भे, ऐरोली ही गावं मात्र ठाणे तालुक्यातलीच. म्हणजे पनवेलच्या पोस्टाचा सगळ्यात जुना कागद ठाण्याच्या दप्तरात निघू शकतो, आणि वाड्याच्या पोस्टाचा कागद आजच्या पालघरच्या मुख्यालयात नसून ठाण्यात राहिलेला असू शकतो.

उताऱ्यावरचं मालकाचं नाव स्वतःच काळ सांगतं. सरकारने जागा घेतलेली असून नाव "सेक्रेटरी ऑफ स्टेट फॉर इंडिया इन कौन्सिल" असेल तर तो व्यवहार १ एप्रिल १९३७ च्या आधीचा. २६ जानेवारी १९५० नंतरचे केंद्र सरकारचे करार भारताच्या राष्ट्रपतींच्या नावाने होतात, म्हणून भाडेपट्ट्यात घरमालकासमोर दुसरा पक्ष म्हणून राष्ट्रपती दिसतील. हा करार पाहून "आमचा वाडा राष्ट्रपतींनी भाड्याने घेतला होता" असं अभिमानाने सांगणारी घरं आहेत. त्यांना दुखवू नये, पण त्या शब्दांचा अर्थ एवढाच की करार १९५० नंतरचा आहे. जमीन सक्तीने संपादन केली असेल तर १८९४ च्या भूसंपादन कायद्याखालची अधिसूचना आणि निवाडा असतो. फेरफारात निवाड्याचा क्रमांक सापडला की अर्धं काम झालं.

ग्रामपंचायत असेल तर नमुना ८ ची आकारणी नोंदवही, नगरपालिका असेल तर घरपट्टीची आकारणी यादी. भाड्याच्या इमारतीसाठी ही यादी सोन्यासारखी, कारण तिच्यात मालक, भोगवटादार, बांधकामाचा प्रकार आणि वापर हे सगळं एका ओळीत येतं. दर फेरआकारणीच्या वेळची यादी पाहिली की "भोगवटादार: पोस्ट" ही ओळ कुठल्या वर्षी पहिल्यांदा येते ते कळतं, आणि कुठल्या वर्षी "कौलारू"चं "स्लॅब" होतं तेही. जुने फेरफार आणि याद्या मोडीत असतील तर मोडी वाचणारा माणूस लागेल. अंदाजाने वाचू नका. मोडीत नावं चुकीची वाचली जाणं फार सोपं आहे.

पोस्ट खातं केंद्र सरकारचं, म्हणून तिथे माहिती अधिकाराचा अर्ज केंद्राच्या नियमांनी करायचा: १० रुपये शुल्क, अर्ज ५०० शब्दांच्या आत, पानामागे २ रुपये, नोंदी पाहायला गेलात तर पहिला तास मोफत आणि पुढच्या प्रत्येक तासाला ५ रुपये. भूमी अभिलेख, तहसील आणि नगरपालिका राज्याच्या नियमांत येतात. तिथे एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा. दोन्हीकडे एकच अर्ज झेरॉक्स करून पाठवला तर राज्याकडचा नुसत्या शब्दसंख्येवर परत येतो. आपलं ऑफिस ठाणे विभागात येतं की नवी मुंबई विभागात हे काउंटरवर आधी विचारून घ्या.

अर्जात "माहिती द्या" असं मोघम लिहू नये. कायद्याने फक्त नोंदीत असलेलं मिळतं, कुणी तुमच्यासाठी इतिहास लिहून देणार नाही. म्हणून कागदांची नावं घ्या: सध्याचा आणि आधीचा भाडेपट्टा, भाडे ठरवणाऱ्या समितीचे अहवाल, इमारतीचा नकाशा, जागा बदलल्याचे आदेश, दुरुस्तीच्या मंजुऱ्या, ब्रँचची सब पोस्ट केल्याचा आदेश. बऱ्याच नोंदवह्या ठरावीक मुदतीनंतर नष्ट करतात, त्यामुळे "उपलब्ध नाही" हे उत्तर खरंही असतं. भाड्याची आणि जमिनीची फाइल मात्र वाद उभा राहील म्हणून जपलेली असते. आधी ती मागावी. आणि शक्य असेल तर नकला मागण्याऐवजी फाइल प्रत्यक्ष पाहायची मागणी करा. फाइलच्या डाव्या बाजूच्या टिपणांत जे असतं ते यादीत कुणी लिहीत नाही.

ऑफिसच्या पानासाठी वेगळे स्रोत आहेत. ठाणे जिल्ह्याचं जुनं गॅझेटियर १८८२ चं. त्यात तेव्हाच्या पोस्टांची माहिती आहे, म्हणजे आपलं ऑफिस त्या साली होतं की नव्हतं हे तिथे लगेच कळतं. मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्य पुराभिलेखागार आहे. ठाण्यात मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून आहे. ठाण्याहून 'अरुणोदय' हे साप्ताहिक १८६६ साली सुरू झालं. त्याचे अंक जिथे मिळतील तिथे स्थानिक बातम्यांचा रकाना पाहावा. सर्व्हे ऑफ इंडियाच्या नकाशांवर पोस्ट असलेल्या गावाच्या नावापाशी इंग्रजी आद्याक्षरं असतात, पी. ओ. म्हणजे नुसतं पोस्ट आणि पी. टी. ओ. म्हणजे पोस्ट आणि तार दोन्ही. एक इंच एक मैल प्रमाणाचा जुना नकाशा आणि नंतरचा १:५०,००० चा नकाशा शेजारी ठेवले की तार कधीच्या सुमारास आली याचा अंदाज येतो. नकाशा छापल्याचं साल आणि पाहणीचं साल वेगळं असतं. खालच्या कोपऱ्यात दोन्ही लिहिलेली असतात, घ्यायचं ते पाहणीचं.

शिक्का काय सांगतो

गावातल्या जुन्या घरांत ट्रंकेत कार्डं असतात. त्यावरचा शिक्का म्हणजे तारीखवार पुरावा. वर्तुळात ऑफिसचं नाव, मध्ये तारीख. नावाला जोडून बी. ओ. असेल तर ब्रँच, एस. ओ. असेल तर सब पोस्ट, एच. ओ. असेल तर हेड पोस्ट. "एक्स्पेरिमेंटल" असा शब्द दिसला तर ते ऑफिस तेव्हा तात्पुरतं, चाचणीवर उघडलेलं होतं. ठाण्याचं इंग्रजी स्पेलिंग जुन्या शिक्क्यांवर "थाना" असं वाचलं जाईल असं आहे.

कार्डावर बहुधा दोन शिक्के असतात, एक टाकल्याचा आणि एक पोहोचल्याचा. आपल्या गावचा कुठला हे बघून मगच नोंद करा. घाईत दुसऱ्या गावचा शिक्का आपल्या खाती लिहिला जातो. तारीख पुसट असेल तर तिकिटावरून काळ बांधता येतो: आणे असतील तर १ एप्रिल १९५७ च्या आधीचं, "नये पैसे" असतील तर १९५७ ते १९६४ मधलं. पत्त्यात पिन कोड असेल तर १५ ऑगस्ट १९७२ नंतरचं. ही योजना आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर मराठी माणूस आणि संस्कृतचे पंडित होते, हे ठाणेकरांना आवर्जून सांगावंसं वाटतं. ठाण्याच्या हेड पोस्टाचा कोड ४००६०१, मुरबाड ४२१४०१, शहापूर ४२१६०१. ब्रँचला स्वतंत्र पिन नसतो, ती ज्या ऑफिसला जोडलेली असते त्याचाच वापरते. म्हणून पिनवरून ब्रँचचं वय काढता येत नाही.

शिक्क्यांचा खरा उपयोग इमारतीच्या पानासाठी होतो तो एका ठिकाणी. बी. ओ. चा शेवटचा शिक्का आणि एस. ओ. चा पहिला शिक्का यांच्या मधल्या काळात ऑफिसचा दर्जा वाढला. दर्जा वाढला म्हणजे तिजोरी, काउंटर, राहती जागा यांची गरज पडली, आणि बहुधा तेव्हाच ऑफिस ओटीवरून उठून वेगळ्या इमारतीत गेलं. घरपट्टीच्या यादीत त्याच काळात शोधा. दोन्ही जुळले तर तारीख जवळजवळ हातात आली.

इमारत स्वतः काय सांगते

पाहणीला ३० मीटरची टेप, बॅटरी, ग्राफ कागद आणि जोडीला एक माणूस पुरे. आत मोजमाप किंवा फोटो घ्यायचे तर पोस्टमास्तरांना आणि विभागीय कार्यालयाला लेखी विचारावं. तिजोरी, रोकड, टपालाच्या पिशव्या आणि पत्रांवरचे पत्ते यांवर कॅमेरा नको. लोकांची गर्दी सकाळी असते, दुपारी काउंटर सैल झाल्यावर जावं. प्रत्येक खोलीच्या चार बाजूंबरोबर दोन्ही कर्ण मोजा. कर्ण सारखे नसतील तर खोली काटकोनात नाही, आणि जुन्या खोल्या बहुधा नसतातच. नकाशा १:१०० ला काढला तरी चालतो.

भिंतीची जाडी दारापाशी मोजायची. गिलाव्यासकट १० इंचांच्या आसपास भरली तर एका विटेची भिंत, १५ च्या आसपास दीड विटेची, १८ ते २४ भरली तर बहुधा चुन्यातल्या काळ्या दगडाची. एकाच इमारतीत पुढे १८ आणि मागे १० भरले तर मागचा भाग नंतर जोडला आहे. जोडाच्या रेषेवर गिलाव्याला उभी तडा असते. ती तडा वाईट म्हणून बुजवण्याआधी तिचा फोटो काढा.

मग छप्पर. मंगलोरी कौलाच्या पाठीवर कारखान्याचं नाव उमटवलेलं असतं. मंगळूरचा बासेल मिशनचा कारखाना १८६५ चा, आणि पहिल्या महायुद्धानंतर तो कॉमनवेल्थ ट्रस्टकडे गेला. त्यामुळे "बासेल मिशन" आणि "कॉमनवेल्थ" ही दोन नावं दोन वेगळे काळ दाखवतात. मात्र कौलं बदलली जातात आणि दुसऱ्या घरची जुनी कौलंही चढवली जातात. दहा-बारा ठिकाणची कौलं पाहून बहुसंख्य कुठली ते लिहा, एका कौलावर निकाल देऊ नका. त्याआधीच्या घरांवर नळीची कौलं असायची. वाशांवरच्या, कौलांखालच्या आडव्या पट्ट्या मंगलोरी कौलाला साधारण एका फुटाच्या अंतराने लागतात. जुन्या वाशांवर त्याहून वेगळ्या अंतराने खिळ्यांची भोकं दिसली तर पहिलं छप्पर वेगळं होतं.

लोखंडी गर्डर असेल तर त्याच्या उभ्या पट्टीवर उठावदार अक्षरं शोधा, रंगाखाली असतील तर बॅटरी तिरपी धरा. डॉर्मन लाँग हे नाव म्हणजे विलायती माल. टाटांचं पोलाद जमशेदपूरला १९१२ साली पहिल्यांदा निघालं, म्हणून टाटाचं नाव असलेला गर्डर त्याआधीचा असणार नाही. तिजोरीवर भिस्त ठेवू नका. गोदरेजच्या तिजोऱ्या १९०२ पासूनच्या, पण तिजोरी ऑफिसबरोबर फिरते. ती भिंतीत चिणलेली असेल आणि भोवतीचा चुना मूळचा असेल तरच ती इमारतीबद्दल काही सांगते.

घराचं पोस्ट केलं की पोस्ट म्हणूनच बांधलं, हा कळीचा प्रश्न. उत्तर तीन जागी मिळतं. पत्रपेटीची फट भिंतीत असेल तर तिच्या कडा बघा: बांधतानाच ठेवलेल्या फटीला दगडाची किंवा लाकडाची चौकट असते, नंतर पाडलेल्या फटीभोवती तुटक्या विटा आणि सिमेंटचं ठिगळ असतं. दुसरं, टपालाच्या पिशव्या आत यायला बाजूचं स्वतंत्र दार आहे का? मुद्दाम बांधलेल्या पोस्टात लोकांची आणि पिशव्यांची वाट वेगळी असते, घरात एकच. तिसरं, ओटी. घराच्या ओटीला जाळी लावून लोकांची उभं राहायची जागा केलेली असेल, तर ओटीची फरशी आणि आतल्या खोलीची फरशी यांत एक पायरी उरते आणि काउंटर त्या उंबऱ्यावर बसवलेला दिसतो. काउंटर कधी सरकवला असेल तर जुन्या जागी शहाबादीवर झिजेची पट्टी राहते, कारण लोक उभे राहायचे त्या बाजूची फरशी गुळगुळीत होते आणि कारकुनाच्या बाजूची होत नाही.

हे सगळे पुरावे दुरुस्तीत जातात, आणि ठाण्यासारख्या ठिकाणी दुरुस्ती सतत लागते. पाऊस वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास. सगळ्यात मोठं नुकसान करतो तो चुन्याच्या भिंतीवर मारलेला सिमेंटचा गिलावा. जुनी भिंत जोत्यातून ओल शोषते आणि चुन्यातून ती बाहेर उडून जाते. सिमेंटने ती वाट बंद होते, ओल वर चढते, खार फुटतो, दोन पावसाळ्यांत पोपडे सुटतात आणि मग "इमारत जुनी झाली, पाडा" असा शेरा येतो. दोष इमारतीचा नसतो. विरवलेला चुना एक भाग आणि चाळलेली वाळू तीन भाग, एका थरात अर्ध्या इंचापेक्षा जास्त नाही, आठवडाभर गोणपाट ओलं ठेवून सावकाश वाळवलेला गिलावा त्या भिंतीला मानवतो. दुसरी दुखरी जागा म्हणजे वाशांची भिंतीत शिरलेली टोकं. पन्हळ तुंबली की पाणी तिथे उतरतं आणि वासा आतून कुजतो, बाहेरून धड दिसतो. टोचा मारून पाहावा. पन्हळ मे महिन्यात साफ करावी आणि जुलैत पुन्हा एकदा, कारण पहिल्या पावसाचा पालापाचोळा तोवर तिच्यात साठतो.

नव्या मुंबईचं गणित वेगळं

खाडीपलीकडे दोन प्रकारची पोस्टं आहेत. गावठाणांतली जुनी ठाणे तालुक्याच्या दप्तरात शोधायची. नवी मुंबई वसवणारं सरकारी महामंडळ सिडको १७ मार्च १९७० ला स्थापन झालं, त्याच्या नोडमधली, म्हणजे आखीव वसाहतींमधली पोस्टं मात्र नियोजनातून आलेली. तिथे फेरफारापेक्षा भूखंड वाटपाचं पत्र, ताबा पावती, भाडेपट्टा, बांधकाम सुरू करण्याचं प्रमाणपत्र आणि भोगवटा प्रमाणपत्र हे कागद मागायचे. इमारत कधी वापरात आली हे भोगवटा प्रमाणपत्र सांगतं. नवी मुंबई महानगरपालिकेचा कारभार १ जानेवारी १९९२ ला सुरू झाला, म्हणून त्याआधीचे कागद सिडकोकडे. वाशी, नेरूळ, ऐरोलीची पोस्टं पन्नास वर्षांचीही नसतील म्हणून कुणी त्यांचं टिपून ठेवत नाही. हेच मला फार खटकतं. आज त्यांचे पहिले पोस्टमन निवृत्त होऊन गावात आहेत. आणखी वीस वर्षांनी ते सापडणार नाहीत.

त्यांना किंवा मुरबाडच्या एखाद्या आजोबांना "कुठल्या साली?" असं विचारू नये. साल कुणाच्या लक्षात नसतं, आणि आग्रह केला तर माणूस भिडेखातर सांगतो. विचारावं: तेव्हा कार्ड आण्यांत होतं की पैशात? तार आपल्याच गावात यायची की कल्याणहून? पत्रावर पिन लिहायचे का? वाशीचा खाडीपूल झाला होता का? काउंटर रस्त्याकडे तोंड करून होता की आत? पिशवी कोण आणि कशावरून आणायचं? मुरबाडला रेल्वे नाही, त्यामुळे पिशवीची वाट रस्त्याचीच, आणि त्या वाटेवरचे थांबे जुन्या माणसांना तोंडपाठ असतात. एकाच गोष्टीबद्दल तिघांना वेगवेगळं विचारा, एकत्र बसवून नको. एकत्र बसले की पहिला बोलेल त्याच्या मागे बाकीचे जातात.

काउंटरवरच्या पाट्याही टिपून ठेवा. १ सप्टेंबर २०२५ पासून रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झालं, त्यामुळे "रजिस्ट्रेशन" लिहिलेल्या पत्र्याच्या पाट्या आता उतरत आहेत. १८९८ चा पोस्टाचा कायदा जाऊन जून २०२४ मध्ये नवा लागू झाला, त्यामुळे जुन्या कलमांचे इशारेही पुसले जातील. पाटीचा फोटो, तिची जागा आणि उंची अशी नोंद करावी, म्हणजे ती कुठल्या खिडकीवर होती ते पुढच्याला कळेल.

लिहून काढताना प्रत्येक तारखेपुढे ती कशावरून घेतली ते लिहा: कागद, शिक्का, इमारत की सांगोवांगी. कागद आणि इमारत एकमेकांशी जुळत नसतील तर दोन्ही तसेच ठेवा, मधलं साल काढू नका. पहिल्या पानावर महसुली गाव, नगर भूमापन क्रमांक, पिन कोड आणि पाहणीची तारीख टाका. एक प्रत पोस्टमास्तरांकडे, एक घरमालकाकडे, एक गावच्या वाचनालयात आणि एक ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात द्या. घरमालकाची प्रत विसरू नका. ऑफिस हललं की इमारतीचं काय करायचं हे तोच ठरवणार असतो.